तुम्ही विचारलंत म्हणून: उंदीर, गुठळी आणि हिरवा उजेड

"एवढे उंदीर मारून त्यांच्या मेंदूत बघतेस तरी काय?" गणपतीत आरती झाली की मावशी हे विचारतेच, आणि तिची नजर आधी मखरातल्या उंदराकडे जाते. दरवर्षी मी मोदकाचं ताट पुढे करून सुटते. यंदा सांगते.

गुंगी दिलेल्या उंदराला रोझ बेंगाल टोचायचं (डोळ्यांचे डॉक्टर तपासणीला वापरतात तोच रंग) आणि कवटीवर हिरवा प्रकाश टाकायचा. तिथे रक्तवाहिनीचं अस्तर दुखावतं, गुठळी धरते. १९८५ पासूनची पद्धत आहे ही. प्रकाश टाकण्याआधीच चमकणारा रंग जोडलेलं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) शिरेतून दिलेलं असतं, ते गुठळीत विणलं जातं. मग मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या प्रकाशात धरले की गुठळी हिरवी उजळते.

हो, प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या समितीची परवानगी असते. नाही, गंमत म्हणून करत नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. सुरगाण्याहून पेशंट नाशिकला आणलेल्यांना हे मी सांगायला नको.

पण माझं दुखणं निराळं. चार महिने माझे फोटो देखणे येत होते. एक ज्युनियर म्हणाली, "मॅडम, चमकणारा रंग न दिलेल्या उंदराचा काप?" मी फटकन म्हणाले, "त्याची गरज नाही." नंतर तिला गप्प करायलाच तो केला. दिवे बंद, बाहेर नाशिकच्या द्वारका चौकातले हॉर्न. काप सरकवला. गुठळी हिरवीगार. फिल्टर बदलला, काचेवरची चिठ्ठी दोनदा वाचली. चमकणारा रंग दिलाच नव्हता.

फॉर्मल्डिहाइडमध्ये मुरलेल्या लाल पेशी आपसूकच चमकतात. इतर वाहिन्यांतलं रक्त सलाइनने धुऊन निघतं, गुठळीत अडकलेलं निघत नाही. म्हणजे खोटा उजेड नेमका मला हवा तिथेच. आधीच्या चौदा उंदरांत खरा किती होता, आता कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा मी मीटिंगमध्ये म्हणाले होते, "चुकीतूनही शिकायला मिळतं." मिळतं, पण मला. उंदरांना काय मिळालं?

आता मी गडद लाल चमकणारा रंग वापरते, प्रकाशाच्या त्या पट्ट्यात पेशींची स्वतःची चमक कमी असते. आणि पहिला काप बिनरंगाचाच. त्यासाठी दर खेपेला एक उंदीर जास्त जातो, मावशी. अर्जात त्याला 'कंट्रोल' लिहितात.