आडव्या वाऱ्याचा रस्ता : शीड लावलेल्या तीनचाकीवरची सफर

हा रस्ता आम्ही निवडला तो त्याच्या दिशेसाठी. समुद्राला समांतर, सपाट, बराचसा सरळ आणि वाहतूक तुरळक. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा अशा रस्त्याला जवळजवळ काटकोनात लागतो. त्यामुळे जाताना वारा आडवा आणि परततानाही आडवाच. शिडाच्या सायकलीला याहून चांगला योग नाही, म्हणून पुढे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच : आधी वाऱ्याची दिशा बघा आणि मग रस्ता ठरवा.

पाठचा वारा सगळ्यात चांगला, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब मात्र वेगळं सांगतो. ताशी २० किलोमीटरचा वारा पाठीमागून येतोय आणि तुम्हीही २० च्या वेगाने चालला आहात, तर शिडाला वारा उरतच नाही, कापड लोंबकळतं. तोच वारा बाजूने आला तर तुमच्या स्वतःच्या वेगाचा समोरचा वारा त्यात मिसळतो आणि शिडाला ताशी सुमारे २८ किलोमीटरचा वारा तिरका, ४५ अंशांत मिळतो. वेग वाढला तरी जोर टिकून राहतो. सगळ्या शर्यतीच्या शिडगाड्या याच तत्त्वावर धावतात. डिसेंबर २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर या खाऱ्या तळ्याच्या कोरड्या पात्रावर ‘होरोनुकु’ ही शिडगाडी ताशी २२२.४ किलोमीटरपर्यंत गेली, तेव्हा प्रत्यक्ष वारा त्या वेगाच्या आसपासही नव्हता.

आमची गाडी त्या जातीची नाही. रिकंबंट तीनचाकी, म्हणजे मागे रेलून बसायचं, पाय पुढे, दोन चाकं पुढे आणि एक मागे. सीटच्या पुढे डोलकाठी आणि तिच्यावर दीड चौरस मीटरचं शीड. शिडाची दोरी हातात. पॅडल आहेतच, आणि ते सतत मारायचे असतात. शीड हा मदतनीस आहे. त्याने पुढच्या दिशेने नुसता २० न्यूटन जोर दिला, म्हणजे दोन किलोच्या वजनाएवढा, तरी ताशी १८ किलोमीटरच्या वेगाला ती १०० वॉटची मदत होते. साधारण माणूस आरामात पॅडल मारताना जेवढी शक्ती लावतो, जवळपास तेवढीच. म्हणजे सोबत आणखी एक जण पॅडल मारतोय. अंगावर ऊन आणि पायांना हा आधार मिळाला की अंतर जाणवत नाही. मला या वाहनाचं प्रेम आहे ते यासाठी.

सकाळी वारा नव्हता म्हणून शीड गुंडाळून नुसत्या पॅडलवर निघालो. ऊन चढेल तशी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला येते. म्हणून शीड उघडायची घाई सकाळी करू नये. दहानंतर गवताची पाती एका बाजूला झुकायला लागली. शीड चढवलं, दोरी हळूहळू ओढली, कापडाची फडफड थांबली आणि पॅडलवरचा भार एकदम हलका झाला. दोरी किती ओढायची याचा साधा नियम : शीड फडफडायचं थांबेल इतकीच. त्यापुढे ओढाल तर गाडी पुढे जाण्याऐवजी बाजूला रेटली जाते.

हे बाजूचं रेटणं गांभीर्याने घ्यावं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. सेकंदाला १० मीटरच्या वाऱ्यात दीड चौरस मीटर शिडावर सुमारे ९० न्यूटन जोर येतो आणि रुंद, बसकी तीनचाकी तो सहज पेलते. सेकंदाला २० मीटरचा झोत आला तर तोच जोर ३६० न्यूटन होतो आणि वाऱ्याकडचं चाक जमीन सोडू शकतं. म्हणून दोरी कधीही बांधून ठेवू नका. बोटं उघडली की सुटेल अशीच धरा. ताशी २० ते २८ किलोमीटरचा वारा, म्हणजे धूळ आणि सुटे कागद उडायला लागतात तो, सफरीला उत्तम. लहान झाडं मुळापासून डोलायला लागली की नवख्याने शीड उतरवावं. दोन चाकांच्या सायकलीवर शीड लावायचा विचार मी तरी कोणाला सुचवणार नाही. झोत आला तर वाऱ्याकडे झुकून तोल साधता येतो, पण तो अचानक थांबला की त्याच बाजूला पडायला होतं.

मधल्या टप्प्यात झाडांच्या रांगा लागतात. झाडामागे वारा जातो, फटीत एकदम परत येतो. अशा ठिकाणी दोरी ढिली सोडून पॅडलवर जाणं बरं. मोठ्या ट्रकचंही तसंच. तो शेजारून जाताना आधी हवेचा धक्का देतो, मग क्षणभर वारा अडवतो, आणि निघून गेला की सगळा वारा पुन्हा अंगावर येतो. मागून ट्रक येताना आरशात दिसला की आम्ही शीड मोकळं सोडत होतो, आणि आरसा या गाडीला असायलाच हवा, कारण कापडामुळे एक बाजू झाकली जाते. शक्य असेल तर शिडात पारदर्शक खिडकी शिवून घ्या.

डोलकाठी घेऊन विजेच्या तारांखालून जाताना वर बघायची सवय लावावी. तारा खाली लोंबलेल्या असतील तर काठी उतरवूनच पुढे जा.

शेवटच्या टप्प्यात रस्ता समुद्राकडे वळतो आणि वारा थेट समोर येतो. होडी अशा वेळी नागमोडी जाते. सन १६०० च्या सुमारास गणितज्ञ सिमोन स्टेव्हिनने डच सेनापती प्रिन्स मॉरिससाठी बांधलेली शिडगाडी हॉलंडच्या रुंद वाळूवर स्खेव्हेनिंगेनहून पेटेनपर्यंत माणसं घेऊन धावली, तेव्हा तिला बाजूला सरकायला अख्खा किनारा होता. रस्त्याला तेवढी रुंदी नसते. शीड गुंडाळा, पॅडल मारा. नुसतं उतरवून चालत नाही, नीट घट्ट गुंडाळा, कारण सुटं कापड समोरच्या वाऱ्यात तुम्हालाच मागे ओढतं.

गाडीबद्दल थोडं. ब्रेक पुढच्या दोन्ही चाकांना हवेत आणि चांगले हवेत, कारण पॅडल थांबवले तरी शीड ढकलतच राहतं. थांबताना आधी दोरी सोडायची, मग ब्रेक. बाजूच्या जोराने चाकांच्या तारांवर ताण येतो. लहान, २० इंची चाकं तो जास्त चांगला सोसतात. टायर कडेने लवकर झिजतात, तेव्हा निघण्यापूर्वी पुढची दोन्ही चाकं समांतर आहेत ना ते तपासा. मुक्कामावर गाडी वाऱ्याकडे तोंड करून, शीड उतरवून आणि पार्किंग ब्रेक लावून ठेवावी. सोबत हातमोजे, शिडाची एक जादा दोरी आणि हाताशी धारदार चाकू असू द्या. दोरी कप्पीत अडकली आणि झोत चालू असेल, तर ती सोडवत बसू नका, कापा.