डिझेल इंजिन लाखो किलोमीटर चालवायचं असेल तर आधी ते नीट गरम होतंय का बघा

जुनी डिझेल गाडी दाखवली की लोक आधी मीटर बघतात, आणि रनिंग दोन-अडीच लाख दिसलं की "आता इंजिन काम निघणार" म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या गाडीने चार लाख कधीच ओलांडले, हेड (इंजिनचा वरचा भाग) अजून एकदाही उतरवलेलं नाही, आणि सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. तिच्यात खास काही नाही, साधं चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल आहे (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाईपमधून जोरात डिझेल पुरवणारं). फक्त ती रोज लांब पळते आणि नीट गरम होते, आणि माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची मर्सिडीझ २४०डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या म्युझियममध्ये गेली, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. तो सगळा प्रवास एकाच इंजिनावर झाला नव्हता, इंजिनं बदलली होती, हेही सांगायला हवं. तरी टॅक्सीचं इंजिन एवढं का टिकतं याचा विचार करा. ते दिवसभर गरमच असतं. याउलट जी गाडी रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होते तिचं ६० हजारावरचं इंजिन आतून बघितलं तर त्या टॅक्सीपेक्षा म्हातारं निघू शकतं.

कारण डिझेलला स्पार्क प्लग नसतो. आतली हवा साधारण १४ ते २२ पट दाबून इतकी तापवतात की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की ती उष्णता भिंती खाऊन टाकतात, डिझेल अर्धवट जळतं, काजळी जास्त होते आणि न जळलेलं थोडं डिझेल पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑईलमध्ये उतरतं. हे रोजचं झालं की ऑईल पातळ होतं, काजळी ईजीआरमधून (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, जाऊन ऑईलच्या वाफेबरोबर चिकटते, आणि मग पिकअप गेला, ॲव्हरेज पडला म्हणून माणूस गॅरेजच्या चकरा मारत बसतो.

म्हणून मी जिला सगळ्यात जास्त मान देतो ती वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. अगदी छोटा पार्ट, आणि डिझेलमध्ये तो उघडा अडकला तर गाडी बंद पडत नाही, लाल दिवा लागत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला कळतच नाही. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांमध्ये तो काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात एकाच जागी उभा राहील असाच सेट केलेला असतो. साधा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावा आणि खरा आकडा बघा. बहुतेक इंजिनं ८५ ते ९० डिग्रीच्या आसपास स्थिर राहायला हवीत. हायवेला लांब उतारावर आकडा ७० कडे घसरत असेल तर थर्मोस्टॅट गेलाय असं समजा. रीडर नसेल तर सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावा (फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून). इंजिन तापेपर्यंत तो पाईप थंडच राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम व्हायला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून तो कोमट होत चालला असेल तर कुलंट आतल्या आत फिरायचं सोडून थेट रेडिएटरकडे चाललंय.

आता डीपीएफवाल्या (सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाड्यांमध्ये हे प्रकरण किती वाढतं बघा. फिल्टरमधली काजळी जाळायला आत साधारण ६०० डिग्री लागतात, त्यासाठी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुख्य स्फोट झाल्यावर अजून थोडं डिझेल फवारतो. पण बऱ्याच गाड्यांत कुलंट पुरेसं गरम नसेल तर हे काम तो सुरूच करत नाही. म्हणजे थर्मोस्टॅट गेला, काजळी जळणं थांबलं, फिल्टर चोक व्हायला लागला, आणि कधी चुकून सुरू झालंच तर आपण घरी पोचून चावी काढली आणि ते अर्धवट राहिलं, पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट, आणि प्रत्येक वेळी ते जास्तीचं डिझेल थोडं थोडं ऑईलमध्ये. शेवटी बिल येतं डीपीएफचं किंवा टर्बोचं (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) आणि मूळ कारण असतं थर्मोस्टॅट!

हे कळतं डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवर. सगळे जण ऑईल कमी झालंय का बघतात, डिझेलमध्ये ते वाढलंय का हेही बघायचं. सपाट जागेवर, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबून, शक्यतो दर वेळी त्याच जागी. लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे चढली असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर "चला, ऑईल तर कमी झालं नाही" असं समाधान करून घेऊ नका, ते ऑईल लगेच बदला. काळं दिसण्याने मात्र घाबरू नका. डिझेलचं ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, आणि डीपीएफ असेल तर कमी राखेचं ऑईल हवंच, कारण काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच साठत जाते. आणि गाडी बहुतेक गावातल्या गावात फिरत असेल तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट न बघता त्याच्या निम्म्यावर बदलून टाका, ऑईलवर खर्च केलेला पैसा कधी वाया जात नाही असं माझं ठाम मत आहे.

चालता चालता आयडल (गाडी उभी असतानाचा आरपीएम) थोडा वर गेला, रेडिएटर फॅन उगाच जोरात फिरतोय, गरम धातूचा वास येतोय, ॲव्हरेजचा आकडा एकदम खाली आलाय असं दिसलं तर बहुतेक काजळी जळायचं काम चाललेलं असतं. तेव्हा चावी काढू नका, अजून दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्याला फिरवून आणा.

दुसरी जागा जिथे कान लावून उभं राहावं ती म्हणजे इंजेक्टर, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट. प्रत्येक इंजेक्टरच्या खाली तांब्याचं एक पातळ वॉशर असतं, त्याने कॉम्प्रेशन अडवलेलं असतं. ते लीक झालं की थंड इंजिनावर फुस-फुस-फुस असा तालात आवाज येतो, केबिनमध्ये धुराचा वास येतो, आणि कव्हर काढलं की इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसतो. शंका असेल तर बुडाशी साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले की झालं नक्की. हे लवकर धरलं तर नुसत्या वॉशरवर भागतं. तसंच चालवत राहिलं तर तो थर दगडासारखा कडक होतो, इंजेक्टर आत अडकतो, हेडमधली सीट (इंजेक्टर बसतो ती जागा) जळते आणि मग ती सीट कटरने साफ करून घ्यावी लागते. वॉशर दर वेळी नवीनच टाकायचं, जुनं घासून परत टाकायचं नाही, सीट पूर्ण स्वच्छ करायची, आणि बोल्ट हाताच्या अंदाजाने नाही तर टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळायचा. जो मेकॅनिक टॉर्क पाना वापरतो त्याला सोडू नका.

डिझेल फिल्टर स्वस्त मिळतो म्हणून काहीही लावू नका. कॉमन रेलमध्ये १६०० ते २००० बारच्या पुढे प्रेशर जातं आणि तो सगळा हाय प्रेशर पंप वंगणाला डिझेलच वापरतो, वेगळं ऑईल त्याला नसतं. त्यात पाणी गेलं की गंज, आणि टाकी पार कोरडी करून एअर घेतली की पंप सुका घासतो, त्यातून निघालेला धातूचा चुरा रेलमधून चारही इंजेक्टरपर्यंत जातो. त्यामुळे फिल्टरखालचा ड्रेन अधूनमधून उघडून पाणी काढायचं, काटा रिझर्व्हला टेकायच्या आधी टाकी भरायची, आणि फिल्टर बदलल्यावर डिझेल भरून एअर काढूनच सेल्फ मारायचा.

टर्बोचं थोडक्यात सांगतो, त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून चालू केल्या केल्या ताणायची नाही आणि घाट चढून आल्यावर लगेच बंद करायची नाही. टायमिंग बेल्ट किलोमीटर आणि वर्षं यातलं जे आधी होईल तेव्हा बदलायचा, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंप, यात चालढकल नको, बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि विषय तिथेच संपतो. कुलंटमध्ये नळाचं पाणी नको आणि दोन प्रकारची कुलंटं एकत्र नकोत.

आणि चालवताना इंजिन घुसमटवू नका. टॉप गिअरला १२०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढण्याने डिझेल वाचत नाही, काजळी वाढते आणि ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (इंजिनचे झटके शोषणाऱ्या जड चाकाच्या) स्प्रिंगा मार खातात, गिअर खाली टाका. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मधूनमधून ३००० पर्यंत मनसोक्त ओढू द्या, डिझेलला ते मानवतं.

एवढं सांभाळलं की इंजिन सहसा दगा देत नाही, गाडी संपवतो तो गंज. म्हणून धुताना वरच्या पॉलिशपेक्षा खाली लक्ष द्या, चाकांच्या कमानीतला चिखल काढा, आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेला व साइड मेंबरला (तळाशी दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पोकळ पट्ट्यांना) पाणी जायची जी बारीक भोकं असतात ती तारेने मोकळी करा, तिथे माती अडकली की पाणी आतच राहतं आणि बाहेरून रंगाला फुगा दिसेपर्यंत पत्रा आतून गेलेला असतो.