गल्फातून आलास आणि वॅगन आर?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात साखळीच्या घरी आलो तेव्हा बाबांची जुनी गाडी बदलायची, हे मस्कतहून निघतानाच ठरवलं होतं. मस्कतला मी कामासाठी निझवा, सूरपर्यंत फिरतो, म्हणून सहा सिलिंडरची मोठी एसयूव्ही वापरतो. तिचं अ‍ॅव्हरेज मी कधी मोजलंच नाही. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल तेव्हा लिटरला २३९ बैसा होतं (हजार बैसांचा एक रियाल), म्हणजे पाव रियालसुद्धा नाही, मोजणार कशाला? त्यामुळे साखळीला सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की मुलगा गल्फात आहे, तर अंगणात मोठी गाडी येणार. काका तर शोरूममध्ये शिरल्याबरोबर सात सीटरकडेच वळले.

मी मात्र त्याआधी आठवडाभर बाबांच्या शेजारी बसून फिरलो होतो. सकाळी बाजार, मग देऊळ. आठवड्यातून दोनदा आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी डिचोलीला न्यायचं. महिन्यातून एकदा पणजी. वर्षातून एकदा चोर्ला घाटातून बेळगावला मावशीकडे. सगळं मिळून महिन्याला सहाशे किलोमीटर. आपण गाडी घेताना त्या बेळगावच्या एका फेरीचा विचार करतो आणि उरलेले ३६० दिवस ती बाजारात पार्किंग शोधत फिरते.

विक्रेत्याचा जोर डिझेलवर होता. "सर, अ‍ॅव्हरेज बघा!" पण १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले, आणि आताच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून बरीच मिनिटं सलग वेगात पळावी लागते. बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरांत इंजिन धड तापतही नाही. अशा घरात डिझेल घेतलं तर डॅशबोर्डवरचा दिवा आणि वर्कशॉपच्या फेऱ्या पदरात पडतात. सीएनजी स्वस्त पडतो, पण साध्या किटची टाकी डिकी खाते, आणि माटोळीचं (चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान, नारळ, तांदळाची पोती यांना डिकीच लागते.

शेवटचा निर्णय आईच्या गुडघ्याने केला. एसयूव्हीत चढताना तिला पाय उचलून पायरीवर ठेवावा लागला, वरचं हँडल धरून ती क्षणभर तशीच अडकली. जुन्या गाडीत उलट. सीट इतकी खाली की उठताना बाबांनी हात द्यायचा. वॅगन आरच्या सीटवर ती आधी नुसती टेकली, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले आणि म्हणाली, "ही बरी." टेस्ट ड्राइव्ह मी थेट आमच्या वाड्यावर आणली. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. मोठ्या गाडीला आमच्या फाटकासमोर तीनदा मागेपुढे करावं लागलं होतं, ही एका वळणात आत आली. शिवाय ३४१ लिटरची डिकी.

काका नाराज. "गल्फातून आलास आणि हीच गाडी?" मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. महिन्याला सहाशे किलोमीटर: मोठ्या गाडीच्या ११ च्या अ‍ॅव्हरेजला ५४ लिटर, छोटीच्या १७ ला ३५. फरक १९ लिटरचा. पण १७ वरून २२ वर गेलात तर वाचतात फक्त ८. म्हणून छोट्या गाड्यांत एक-दोन किलोमीटरच्या फरकावरून जीव काढू नये; मोठी की छोटी, हा निर्णयच खरा पैसा वाचवतो.

जीएसटी उतरणार अशी चर्चा १५ ऑगस्टपासूनच होती, म्हणून बाबांना थांबायला सांगितलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्के झाला. दसऱ्याला गाडी दारात आली. पूजेला मी नव्हतो, व्हिडिओ कॉलवर पाहिली.

जानेवारीत बाबांचा फोन आला. आवाजात काळजी होती. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी वहीत फुल टू फुल मांडलं होतं: ऑटो कट होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, परत त्याच पंपावर तशीच भरायची. ४१२ किलोमीटर, २४.६ लिटर. म्हणजे १६.७५. "कंपनीने चोवीस सांगितलं होतं रे. फसलो का?"

फसलो नव्हतो. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, कमी-जास्त वेगाच्या ठरावीक क्रमाने, काढलेला असतो. आपल्याकडे थंड इंजिन, दोन किलोमीटरच्या फेऱ्या, एसी. त्यात आताचं पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेजला थोडा फटका बसतोच. पण एक गोष्ट हातातली होती. मी त्यांना ड्रायव्हरचा दरवाजा उघडून चौकटीवरचा तक्ता वाचायला लावला आणि हवा तपासायला पाठवलं. चारही टायरांत तक्त्यापेक्षा सात पीएसआय कमी! गाडी आल्यापासून कुणी तपासलीच नव्हती. डिकीत ऑक्टोबरपासून पडलेली सिमेंटची दोन पोतीही उतरवली. बाजार, देऊळ, औषधं यांच्या तीन फेऱ्यांची एकच फेरी करायला आईने लावलं. तापलेल्या इंजिनाचा फायदा तिला माझ्याआधी पटला.

परवा रात्री पुन्हा फोन. बाबांनी वही कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांचं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर, खाली दोन रेघा ओढलेल्या: ४३१ किलोमीटर, २३.१ लिटर, १८.६६. मागून आईने विचारलं, "बेळगावला जाताना हवा किती भरायची रे? चौघं असणार आम्ही." मी म्हटलं, तक्त्यात भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा आहे का ते बघा. दोघंही चष्मे शोधत बाहेर अंगणात गेले, आणि फोन टेबलावर तसाच चालू राहिला.