‘पॅक’ म्हणायला शिकतोय

गुरुवार, रात्री साडेअकरा

पोरगी झोपली की दहा ते अकरा हा माझा पोकरचा तास. इंग्लंडात आल्यावर लागलेला हा नाद, टेबल सगळ्यात खालचं, 1 सेंट-2 सेंटचं (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे पैसे, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड), बसायला 2 डॉलर. सुरुवातीला 40 डॉलर टाकले म्हणजे 20 वेळा बसायची सोय, आणि तीन महिन्यांत त्यातले 31 उरलेत. बायको म्हणते, एवढे तास भांडी घासली असतीस तर जास्त सुटले असते. खरंय.

पण मी नुसता खेळत नाहीये हो, अभ्यास पण करतोय. पहिल्या दोन पानांचे 169 प्रकार असतात, त्यांचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय (बाहेरून चिकटवायची परवानगी नाही). सगळ्यात आधी बोलायची पाळी असली की त्यातले जेमतेम 15-17 टक्के खेळायचे, बटनवर (पुढच्या फेऱ्यांत सगळ्यात शेवटी बोलायची जागा) असलो की 40च्या वर. हे पाठ झालं. फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पानं) एक पान कमी असेल तर 9 पानं उपयोगाची, दोन पानं यायची बाकी असतील तर गुणिले 4, एकच असेल तर गुणिले 2, की साधारण तितके टक्के शक्यता, हेही आता बोटं न मोजता जमतं.

घोळ दुसरीकडेच आहे. माझा मेहुणा पुण्याचा, तो आधी माझ्यापेक्षा मोठ्या टेबलांवर खेळायचा, पण 2025च्या ऑगस्टमध्ये कायदा आला आणि भारतात पैशांचे ऑनलाइन गेम बंदच झाले, तेव्हापासून तो व्हिडिओ कॉलवर फक्त माझे डाव तपासतो. रविवारी त्याने माझे 11,400 डाव जागेनुसार वेगळे काढले आणि बराच वेळ काही बोललाच नाही. स्मॉल ब्लाइंडला मी 100 डावांमागे 68 बिग ब्लाइंड हरतोय. आता गंमत बघा, तिथे डोळे मिटून प्रत्येक डाव फोल्ड केला (पानं टाकून दिली) असता तरी, दर डावाला अर्धा बिग ब्लाइंड धरून, 50च गेले असते. म्हणजे मी झोपलो असतो तर जास्त चांगला खेळलो असतो!

आणि मंगळवारचा तो डाव. बटनवर बदाम राजा-राणी, 6 सेंट केले, बिग ब्लाइंडवाला आला. फ्लॉपला (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) राजा, अठ्ठी, चार. मी 7 सेंट, तो कॉल, म्हणजे तेवढेच भरले. टर्नला, म्हणजे चौथं पान, पंजी, मी 18, तो कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं, दुर्री, मी 30 लावले आणि हा बाबा, जो तासभर नुसता कॉल-कॉल करत बसला होता, त्याने उरलेले अख्खे 1.69 डॉलर आत ढकलले. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, गरीब गाय रिव्हरला शिंग उगारते तेव्हा फोल्ड. वही समोर उघडी होती. तरी बोट कॉलवर गेलं. त्याने सत्ती-छक्की दाखवली, टर्नलाच स्ट्रेट (चार ते अठ्ठी, ओळीने पाच पानं) लागलेली. वर 4 डॉलरच्या पॉटमधून (मध्ये जमलेल्या पैशांतून) साइटने 5 टक्के कापले ते वेगळेच, आपल्याकडे पत्त्यांच्या क्लबात नाल काढतात तसं.

काल शांतपणे मोजलं. मला हरवणारी मुख्य पानं: सत्ती-छक्की 16 प्रकारे येते, अठ्ठी, पंजी, चार यांच्या जोड्या 3-3 प्रकारे, राजा-अठ्ठी 6, झाले 31. मी जिंकतो अशी राजा-गुलाम 8 आणि राजा-दश्शी 8. तो माणूस ही 16च्या 16 घेऊन ऑल-इन गेला (सगळे पैसे लावले) असं धरलं (जाणार नाही, काही केल्या जाणार नाही) तरी 47 मध्ये 16, म्हणजे 34 टक्के. माझे 30 सेंट आधीच आत होते, वरचे 1.39 डॉलर भरून तो 4 डॉलरचा पॉट मागायला हवे होते जवळपास 35. मेहुणा म्हणाला, "दाजी, गणित तुम्हाला येतंय, बोट बांधून ठेवा."

बोटाचं मूळ मला माहितीये. दिवाळीत आजोळी तीन पत्ती चालायची आणि जो लवकर ‘पॅक’ म्हणायचा त्याला मामा लोक रात्रभर चिडवायचे, "घाबरला रे घाबरला". पाच-दहा रुपये जास्त जायचे पण शो मागायचा, समोरच्याकडे काय होतं ते बघायचं. चाळीशीला आलो तरी मी 1.39 डॉलर जिंकायला कमी आणि बघायला जास्त भरतो.

आज परत तसंच झालं. एक्का-गुलाम, एक्क्याची जोडी लागलेली, समोर तसलाच एक शांत माणूस, रिव्हरला अचानक तिप्पट. उजवा हात मांडीखाली घेतला, खरंच, आणि डाव्या हाताने फोल्ड दाबलं. त्याने पानं दाखवली नाहीत. पुढचा डाव वाटला पण गेला.

आता लाइट बंद करून पडलोय तरी डोक्यात तेच चालूये, काय होतं यार त्याच्याकडे.