फाल्गुनातली हळद

पहाटे महालक्ष्मी एक्सप्रेसमधून किर्लोस्करवाडीला उतरले तेव्हा अंगावर शाल घ्यावी लागली. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात, पण कृष्णाकाठी ती पहाटेपुरती मागं रेंगाळतेच. चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. पलूस मागं पडलं आणि औदुंबरच्या अलीकडं आमच्या वस्तीकडं वळलो. तोवर उजाडलं होतं. बांधावरचा पांगारा पानं झाडून नुसता लाल झालेला, आंबा मोहरलेला, शाळू काढून रान मोकळं.

वस्तीवर पाऊल टाकायच्या आधीच वास आला. शिजणाऱ्या हळदीचा वास मसाल्याच्या डब्यासारखा नसतो. ओल्या मातीचा, कापराचा आणि धुराचा मिळून तो होतो, आणि मला तो जगातल्या कुठल्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे.

“आलीस व्हय? च्या घे आन् ये लगीच,” आण्णा म्हणाले. बॉयलर दोनच दिवस भाड्यानं मिळाला होता, त्यामुळं विचारपूस संध्याकाळवर गेली.

आज्जीच्या वेळी काहिलीत हळद शिजायची. पाण्यात हळकुंडं, वर हळदीचाच पाला, खाली रात्रभर जाळ. आता चाकांवरचा बॉयलर वस्ती-वस्तीवर फिरतो, ड्रममध्ये वाफ सोडतो. पारख मात्र तीच आहे. काकीनं एक हळकुंड उचलून त्यात काडी खुपसली. ती अलगद आत गेली तशी तिनं मान हलवली आणि ड्रम रिकामा झाला. कमी शिजली तर वाळायला वेळ घेते, जास्त शिजली तर रंग जातो. मी पाट्या उचलून खळ्यावर पसरत राहिले, दुपारपर्यंत नखं पिवळी झाली.

जेठे गड्डे, म्हणजे झाडाच्या बुडाचे मुख्य कंद, आधीच वेगळे काढून सावलीत पाल्याखाली झाकले होते. ते बेणं, अक्षय्य तृतीयेला पुन्हा जमिनीत जाणारं. बाकीच्या मालाचा हिशोब कठीण आहे. नऊ महिने रानात, मग पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर वाळलेली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आण्णांना मनापासून अभिमान आहे.

जेवताना त्यांनी हरिपूरच्या पेवांचं सांगितलं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोदलेली, अरुंद तोंडाची ही कोठारं. आज्जा तिथं हळद ठेवायचे, भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं. तोंड मातीनं लिंपलं की आत कीड लागत नसे. उघडल्यावर मात्र आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही. 2005 च्या महापुरात यातली कितीतरी पेवं गेली.

आमच्या सोप्याच्या भिंतीवरही पुराची रेघ आहे, 2019 ची. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. रेघ माझ्या खांद्याला लागते. काकी ती पुसू देत नाही. त्या वर्षीची हळद उभ्या रानात कुजली होती, आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला विकतचं बेणं आणून यांनी पुन्हा लागण केली होती.

रात्री खळ्याशेजारीच अंथरूण टाकलं. चांदणं होतं, आदल्या आठवड्यात शिजलेली हळद वाजण्याइतकी कडक होत आली होती. दोनच्या सुमाराला आण्णांनी हलवलं. “ऊठ गं, आभाळ आलंय.” पश्चिमेकडं वीज चमकली. भिजलेली हळद काळवंडते, वर्षाचं सोनं तासाभरात मातीमोल. आम्ही चौघांनी ताडपत्र्या ओढल्या, कडांवर दगड ठेवले. टपोरे थेंब आले, दहा मिनिटं वाजले आणि थांबले. कुणीच परत झोपलं नाही. काकीनं चूल पेटवली.

ऊन पडल्यावर ताडपत्र्या गुंडाळल्या. कोपऱ्यातली एक पाटीभर हळद ओली झाली होती. काकीनं ती घोंगड्यावर वेगळी पसरली आणि एकेक हळकुंड पदरानं पुसायला बसली. मीही तिच्याशेजारी बसले.