जीबीए एसपी, पुढची नोंद: कार्ट ठरलं, कार्ड ठरलं, सेव्ह हलवतोय

एसपीची, म्हणजे निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपी या हातातल्या जुन्या कन्सोलची, नवी शेल (बाहेरचं कवच) बसली, बटणांखालची रबरंही बदलून झाली. आता कॅसेटचा (गेमच्या कार्ट्रिजचा) प्रश्न पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता. माझ्या जुन्या कॅसेटी अजून चालतात, पण रोज काढ-घाल करून त्यांचे कॉन्टॅक्ट झिजवायचे नाहीत. शिवाय बुटानो (जीबीएचे गेम लिहायची लायब्ररी) वापरून मी जे छोटंसं काही लिहितोय, ते एमजीबीएवर (संगणकावरच्या जीबीए एम्युलेटरवर) पळतं म्हणजे खऱ्या यंत्रावर पळेलच असं नाही. तेव्हा फ्लॅश कार्ट, म्हणजे एसडी कार्डावरचे गेम कन्सोलवर चालवणारी कॅसेट, घ्यायचंच होतं.

यादीत तिघं उरले: क्रिक्झचं एव्हरड्राइव्ह जीबीए एक्स५ मिनी, ईझी-फ्लॅश ओमेगा आणि ओमेगाचंच डेफिनिटिव्ह एडिशन. जुनं सुपरकार्ड स्वस्तात मिळत होतं, ते आधीच बाद केलं. जीबीएचा १६.७८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर कॅसेटमधला कोड थेट वाचतो आणि रॉमकडून (कॅसेटमधल्या गेमच्या चिपकडून) ठरल्या वेळात उत्तर येणार हे गृहीत धरतो. एसडी कार्डाला ते जमण्यातलं नाही. म्हणून फ्लॅश कार्ट आधी अख्खा गेम कार्डावरून आपल्या मेमरीत उतरवून घेतं आणि तिथून कन्सोलला पुरवतं. सुपरकार्डची ही मधली मेमरीच संथ, त्यामुळे काही गेम मधेच अडखळतात. स्वस्त असलं म्हणून काय झालं?

यातूनच कार्डाच्या वेगाचाही निकाल लागतो. गेम एकदा मेमरीत उतरला की तो पळवण्याशी कार्डाचा संबंध उरत नाही. वेगाच्या यू३, ए२ वगैरे छापांसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे फुकटचा खर्च.

खरा कस सेव्हवर (खेळाच्या साठवलेल्या प्रगतीवर) लागतो. कार्ट निवडताना मी सगळ्यात आधी तेच पाहिलं, आणि तुम्हीही तेच पाहा असं सांगेन. मूळ कॅसेटींमध्ये सेव्ह ठेवायच्या तीन तऱ्हा: एसरॅम (सेलवर जगणारी), ईईप्रॉम आणि फ्लॅश (या दोन्ही विजेविना टिकणाऱ्या). रुबी, सफायर, एमराल्ड हे पोकेमॉन १२८ केबीच्या फ्लॅशवर लिहितात. त्यांच्या आतला सीआर१६१६ सेल संपला तरी सेव्ह जात नाही, फक्त घड्याळ थांबतं आणि बेरी उगवेनाशा होतात. एसरॅमवाल्या कॅसेटीत मात्र सेल संपला की सेव्ह गेली.

साध्या ओमेगात नेमकी हीच दुसरी व्यवस्था आहे. तुम्ही खेळून बंद करता तेव्हा सेव्ह सेलवर जगणाऱ्या एसरॅममध्ये असते आणि पुढच्या वेळी कार्ट चालू केल्यावर कार्डावर उतरते. मधल्या काळात सेल मेला, तर? डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये एसरॅमच्या जागी एफरॅम आहे. ती वीज नसतानाही मजकूर धरून ठेवते, त्यामुळे सेल उरतो तो फक्त घड्याळापुरता. एव्हरड्राइव्हचं काम नीटस, पण किंमत जास्त आणि त्यात सेव्ह स्टेट नाहीत. बसमध्ये खेळणाऱ्याला स्टॉप आला की जिथे असेल तिथे थांबायची सोय लागते. तेव्हा डेफिनिटिव्ह एडिशन.

त्यात ३२ एमबी पीएसरॅम (गेम उतरवून घ्यायची ती मधली मेमरी) आहे, म्हणजे जीबीएचा मोठ्यात मोठा नेहमीचा रॉम (गेमची फाइल) मावतो. वेगळी ६४ एमबी नॉर फ्लॅशही आहे. नॉरमध्ये लिहायला वेळ लागतो, पण वीज गेली तरी लिहिलेलं तसंच राहतं. रोजचा गेम तिथे टाकून ठेवला की दर वेळी लोड होण्याची वाट बघत बसायला नको. एक सूचना: साध्या ओमेगाचा कर्नल (कार्टचा मेनू चालवणारा प्रोग्राम) आणि याचा कर्नल वेगवेगळा आहे. फाइल उतरवताना मॉडेलचं नाव दोनदा वाचा.

आता कार्ड. ३२ जीबीचं घेतलं, त्याहून मोठ्याच्या फंदात पडलो नाही. प्रत्येक गेम ३२ एमबीचा धरला तरी नऊशेच्या वर मावतात, आणि बरेचसे गेम त्याहून पुष्कळ लहान असतात. ६४ जीबीपासून वरची कार्डं एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतात, ती फॅट३२ करत बसायची उठाठेव कशाला? फॅट३२, ३२ केबीचा क्लस्टर, विषय संपला.

पण कार्ड खरं आहे का, हे तपासल्याशिवाय त्यावर एकही फाइल टाकू नका. नकली कार्ड संगणकाला ३२ जीबी सांगतं, आतली चिप असते त्याच्या चौथाई. पहिले काही जीबी नीट लिहिले जातात, पुढचं सगळं हवेत. लिनक्सवर एफ३राइटने कार्ड काठोकाठ भरायचं, मग एफ३रीडने परत वाचायचं. विंडोजवाल्यांना एच२टेस्टडब्ल्यू आहे. चहा पिऊन या, वेळ लागतो. मॅकवरून फाइली टाकणाऱ्यांना मेनूत प्रत्येक गेमचा एकेक भुताटकी जोडीदार दिसेल, टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारा. ते पुसून टाका.

जुन्या कॅसेटींमधल्या सेव्ह जीबीएक्सकार्टने (कॅसेट संगणकाला जोडून वाचणाऱ्या यंत्राने) काढल्या. रुबीची फाइल बरोबर १,३१,०७२ बाइटची निघाली. म्हणजे १२८ केबी पूर्ण, काही सुटलं नाही. रॉमचं आणि तिचं नाव एकच ठेवून ती कार्डावरच्या सेव्हर फोल्डरमध्ये टाकली आणि माझा जुना संघ जसाच्या तसा उभा राहिला. एमजीबीएवरून आणलेली दुसरी सेव्ह मात्र १,३१,०८८ भरली. शेवटचे १६ बाइट एमजीबीएने घड्याळासाठी जोडलेले असतात. ते छाटून मगच कार्डावर टाकली.

बोकताय आणि वॉरिओवेअर ट्विस्टेड मूळ कॅसेटीवरच खेळणार आहे. एकात उन्हाचा सेन्सर, दुसऱ्यात जायरो, आणि या कार्टात दोन्ही नाहीत.

आता बुटानोतलं देवनागरीचं काम. २४० बाय १६० च्या पडद्यावर ८ बाय ८ च्या चौकटीत ‘क्ष’ ओळखूच येत नाही, म्हणून १६ बाय १६ घेतली. त्यात अक्षरं सुटी ठीक दिसतात, पण शेजारी ठेवली की शिरोरेषा मधे तुटते. रुंदी बदलती ठेवून अंतर शून्य केलं तर वेलांटी पुढच्या अक्षरावर चढते. कोणी जीबीएवर, किंवा अशाच लहान पडद्यावर, हे आधी सोडवलं असेल तर मात्रा वेगळ्या स्प्राइटमध्ये (पडद्यावर स्वतंत्र हलवता येणाऱ्या चित्रात) काढल्या की अक्षरासोबतच, तेवढं सांगा.