सुटली म्हणजे झाली?

खोबऱ्याची वडी झाली की नाही हे ओळखायची आमच्या सासूबाईंची खूण एकच. मिश्रणानं कढईच्या कडा सोडायला हव्यात. घड्याळ बघायचं नाही, पाकाची तार मोजायची नाही. कडा सुटल्या की तुपाचा हात फिरवलेल्या ताटात ओतायचं, वाटीच्या बुडानं थापायचं, कोमट असतानाच सुरी ओढायची आणि गार झाल्यावर एक कोपरा उलथन्यानं उचलून बघायचा. सुटला तर वडी झाली. नाही सुटला तर सगळं खरवडून परत कढईत, आणि त्या दिवशी घरात कुणी वडीचं नाव काढायचं नाही.

अशा घरात मी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरनं एक गुंडाळी आणली. तपकिरी, पोस्टकार्डाइतकी पातळ, हाताला किंचित तेलकट लागणारी. पाकिटावर लिहिलेलं, बेकिंग शीट, धुऊन परत परत वापरा, २६० अंशांपर्यंत चालते. आमच्या ओटीजीचं, म्हणजे घरातल्या विजेच्या छोट्या भट्टीचं, बटण २५० च्या पुढं जातच नाही, तेव्हा मी निर्धास्त होते. सासूबाई निर्धास्त नव्हत्या.

“अगं, हे पलास्टिक न्हवं का? भट्टीत इतळंल की!”

त्यांच्यासाठी भट्टी म्हणजे बेकरी. दिवाळीत मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यात भरून, डब्यावर नावाची चिठ्ठी डकवून आम्ही पेठेतल्या बेकरीत जायचो. नंबर लावून बाकड्यावर बसायचं, आणि बसल्या बसल्या कुणाची चकली हसली, कुणाच्या चिवड्यात मीठ जास्त झालं याच्या बातम्या ऐकायच्या. आतून नानकटाईचे पत्रे यायचे, काळेकुट्ट. पण इतकी वर्षं तूप प्यालेले ते पत्रे, त्यांना ना कागद लागायचा ना काही. बोटानं ढकललं की नानकटाई सरकायची. घरी ओटीजी आला आणि त्याच्या नव्याकोऱ्या, चकचकीत ट्रेला माझी पहिली नानकटाई अशी चिकटली की आम्ही ती चमच्यानं खाल्ली. मग बटर पेपर आणला. पण आपल्याकडं त्या एका नावाखाली दोन-तीन जातीचे कागद विकतात. एक भट्टीत टिकतो, दुसऱ्याचा मेणाचा थर वितळून धूर होतो. मला अर्थातच दुसरा मिळाला होता.

तर ही शीट. पोटात काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड आणि त्याला दोन्ही बाजूंनी टेफ्लॉनचा लेप. कशालाच न चिकटणारा हा पदार्थ मग कापडाला तरी कसा चिकटतो, हा प्रश्न माझ्या मुलानं विचारला आणि त्यानंच उत्तर शोधून आणलं. चिकटत नाहीच. कापड त्यात बुडवून इतकं तापवतात की लेप विणीच्या बारीक भोकांत शिरून एकमेकांत गुंतून बसतो. म्हणजे प्रेम नाही, नुसती अडकाअडकी. (किती संसार असेच चाललेत, हे मी मनात म्हटलं.)

टेफ्लॉनचा शोध तर अगदी आपल्या घरातला वाटावा असा आहे. १९३८ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. एका सकाळी सिलिंडर उघडला तर वायू येईना, आणि वजन केलं तर सिलिंडर भरलेला! आपण हलवून बघितला असता, आडवा लोळवला असता, एजन्सीला फोन करून चार शब्द सुनावले असते. त्यानं तो कापला. आत पांढरी, मेणचट भुकटी. ती कशातच विरघळेना, कशालाच धरेना.

आमच्या घरात मात्र शीटचं नाव झालं ते नानकटाईनं नव्हे, फुटबॉलनं. तालमीच्या टीमच्या जर्सीवर नंबर चिकटवायचं काम मुलानं अंगावर घेतलं. इस्त्रीनं दाबायचे व्हिनाइलचे आकडे. पहिल्या जर्सीवर त्यानं इस्त्री थेट ठेवली आणि उचलली तर दहा नंबरातलं शून्य इस्त्रीबरोबर वर आलं. फॉरवर्डचा गोलकीपर झाला! पेठेत ही गोष्ट अजून सांगतात. दुसऱ्या जर्सीपासून मधे माझी शीट. मग गणपती आले, पुठ्ठ्याचं मखर, त्यासाठी ग्लू गन. डिंकाचे ओघळ शीटवर पडायचे, गार झाले की नखानं टचकन उडायचे. शेवटी मी शीट कापून दोन केल्या, एक स्वयंपाकाची, एक उद्योगाची. मार्करनं खूण करायला गेले तर मार्करही पुसून निघाला. शेवटी एकीचा कोपरा कातरला.

सासूबाई हे सगळं लांबून बघत होत्या. त्यांचं माहेर करवीर तालुक्यातलं, वडिलांचं गुऱ्हाळ होतं. एक दिवस आपणच म्हणाल्या, “म्हंजे ढेपंचं फडकंच की हे.” मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, आटलेला रस वाफ्यात, म्हणजे पसरट हौदात, ओततात, घोटून जरा निवला की फडकं घातलेल्या बादलीत भरतात. गार झाल्यावर बादली उपडी केली की फडक्यासकट ढेप बाहेर. फडकं नसेल तर बादली फोडावी लागेल. २६० अंश, टेफ्लॉन, प्लंकेट, यातलं काही त्यांना पटलं नव्हतं. फडकं पटलं.

मी लगेच शीटवर खोबऱ्याची वडी थापायला घेतली. कढईही नॉनस्टिकच. मिश्रणानं पाचव्या मिनिटाला कडा सोडल्या. मी खूश. शीटवर ओतलं, थापलं, गार झाल्यावर कोपरा उचलला तर अख्खी वडी एका दमात सुटून आली, आणि हातात ओल्या टॉवेलसारखी लोंबली.

“सुटली की!” मी म्हटलं.

“त्यावर काय, शेणबी सुटंल,” सासूबाई म्हणाल्या. “झाली न्हाई ती.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या कढईत सगळं पहिल्यापासून सुटलेलंच असतं. कच्चं, पक्कं, करपलेलं, सगळ्यांना एकच न्याय. चिकटायची सोयच नाही, तर सुटण्याला काय किंमत? नानकटाईला हे चालतं, तिची खूण वासात आणि रंगात असते. वडीची खूणच मी पुसून टाकली होती.

आता वडी जुन्या पितळी कढईत होते, कल्हईवाल्याला शोधून कल्हई करून घेतलेल्या. कडा खरोखर सुटल्या की मग शीटवर. सुरी मात्र ताटात गेल्यावरच, शीटवर नाही, कारण मधेच लेप कापला की आतली काच उघडी पडते आणि शीट टाकून द्यावी लागते. गॅसच्या ज्योतीवरही ती धरायची नाही. हे दोन नियम सासूबाईंनी काही न विचारता मान्य केले.

थापण्याआधी त्या शीटवर तुपाचं बोट मात्र फिरवतातच. मी एकदा म्हटलं, “आत्ती, याला तूप लागत नाही.” “म्हाईत हाय,” म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूलाही फिरवलं.